तीन किलो आठशे

माझी जुनी बंदूक दुर्बिणीसकट चार किलो सहाशे ग्रॅम भरते. हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी चाळीस सप्टेंबर ती खांद्याला अडकवून मी डोंगर चढलो, पण तिचं वजन करावं असं कधी मनात आलं नाही. गुडघा बोलायला लागला की माणूस काटा शोधायला लागतो.

गुडघा डावा. एकतीस वर्षं मी खोऱ्यातली पिवळी टपालबस चालवली, वळणावळणाला क्लच दाबला, आणि आमच्या रस्त्यात वळणांखेरीज दुसरं काही नाही. डॉक्टरने गुडघ्याचा फोटो दाखवून सांगितलं की डोंगर सोडायची गरज नाही, पण पाठीवरचा भार कमी करा. किती, असं विचारलं तर म्हणाला, जमेल तितका. घरी आलो आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलायला बसलो. चाकू, लांब दुर्बीण, कॉफीचा डबा. साबणाची वडीसुद्धा अर्धी कापली. माझी बायको तुरितेया पावाचं पीठ मळता मळता हे सगळं बघत होती.

"पोट तेवढं राहिलं बघा," ती म्हणाली. "तेही ठेवा की काट्यावर."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, पण पोट सप्टेंबरपर्यंत उतरणार नव्हतं. बंदूक बदलता येत होती.

आमच्याकडे सप्टेंबर लागला की सुतार, मास्तर, गवळी, सगळेच शिकारीला वर जातात. परवाना काढायचा, आपलं ओझं आपण उचलायचं, मारलेलं जनावर आपण खाली आणायचं. माझा जोडीदार प्लात्सी. तो सुतार, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मानेने बैल आणि स्वभावाने त्याहून हट्टी. गावातून साडेचार तास चढलं की आमची लाकडी खोपटी येते, आणि तिच्या मागच्या कड्यांवर कामुच असतात. बकरीएवढं रानटी जनावर, शिंगं आकड्यासारखी, उभ्या भिंतीवर चालणारं. त्याच्या मागे जायचं तर पाय धड हवेत.

एक गोष्ट मी गावच्या खानावळीत सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो. म्हातारा बाल्त्सर आपल्या जावयाच्या पाठीवर पिशवी देऊन वर जायचा, तेव्हा मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो होतो की ज्या दिवशी माझं ओझं दुसऱ्याला उचलावं लागेल, त्या दिवशी बंदूक खुंटीला. बाल्त्सर आपला पेला उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. असलं बोललेलं आमच्या खोऱ्यात कुणी विसरत नाही, आणि मीही विसरलो नव्हतो. त्यामुळे मला काय हवं होतं ते साधं होतं. आणखी काही सप्टेंबर वर जायचं, आणि कुणावर भार न होता जायचं.

नेसा आमच्या भागातली बंदुका करणारी. धंदा तिच्या बापाचा, पण हात तिचा बापापेक्षा चांगला, आणि जीभही बापापेक्षा लांब. मी दुकानात गेलो तेव्हा तिने तीन बंदुका गादीवर मांडल्या. पहिली माझ्या जुन्या बंदुकीसारखीच, जरा सडपातळ. दुसरी दुर्बिणीसकट तीन किलो सातशे. तिसरी मध्ये दुमडणारी, एकाच काडतुसाची, आखूड नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची. दुर्बीण लावून तीन किलो शंभर. ती उचलली आणि मला हसूच आलं. हातात काही आहे असं वाटेना.

"हसू नका, काका," नेसा म्हणाली. "चालताना ही तुम्हाला सुख देईल. पण झाडाल तेव्हा सगळं वसूल करून घेईल."

यात एक मेख आहे. आमच्या ग्राउब्युंडेन प्रांतात नियमच असा की शिकारीची गोळी जाड हवी. पलीकडच्या खोऱ्यांत लोक बारीक गोळीवर कामुच मारतात, त्यांना पिसासारखी बंदूकही चालते. आमचं काडतूस अंगठ्याएवढं. जड बंदूक त्याचा धक्का स्वतः पिऊन टाकते, हलकी बंदूक तो सरळ तुमच्या खांद्यात उतरवते. नेसाने हे सगळं नीट समजावलं आणि मधली घ्या म्हणाली. मी म्हणालो की मी एकतीस वर्षं बस चालवली आहे, धक्के मला माहीत आहेत. तिने खांदे उडवले आणि हलकी बंदूक बांधून दिली.

ऑगस्टभर मी गावच्या नेमबाजीच्या पट्टीवर सराव केला. पहिल्या दिवशी पाच गोळ्या, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन. खांदा आधी लाल झाला, मग जांभळा, मग ढगाळ आभाळाच्या रंगाचा. तुरितेया रात्री आर्निकाचं तेल चोळायची आणि तोंडाने एक शब्द काढायची नाही, जे तिच्या बोलण्याहून वाईट असतं. निशाण्यावरची भोकं हळूहळू खाली आणि उजवीकडे सरकायला लागली. मी दुर्बिणीला दोष दिला, काडतुसांना दिला, वाऱ्याला दिला. शेवटी बंदूक घेऊन नेसाकडे भांडायला गेलो. प्लात्सीला बरोबर घेतलं, साक्षीदार म्हणून.

नेसाने ऐकून घेतलं आणि आम्हाला पट्टीवर घेऊन आली. म्हणाली, बंदूक मी भरून देते, तुम्ही फक्त चाप ओढा. पाठ वळवून तिने बंदूक भरली, मिटली आणि माझ्या हातात दिली. मी झाडली, नेहमीसारखा धक्का बसला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा चाप ओढला तर नुसतं खट् वाजलं. आत काडतूस नव्हतंच. पण बंदुकीचं तोंड आपोआप चार बोटं खाली गेलं होतं आणि माझे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते.

प्लात्सी तर वाट्टेल त्यावर हसणारा माणूस, पण त्यानेही आपल्या बुटांकडे बघितलं. मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. बावीस वर्षांपूर्वी माझ्या हातून एक कामुच पायात गोळी लागून कड्यापलीकडे गेला होता. दोन दिवस शोधला, मिळाला नाही. आजही ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला की तो मला आठवतो. दचकणाऱ्या हाताने परत तेच होणार हे कळायला मला कुणाची गरज नव्हती.

"बंदूक परत घे," मी नेसाला म्हणालो. "माझं संपलं."

"संपलंबिंपलं काही नाही," ती म्हणाली. "नळी चांगली आहे, डोळा चांगला आहे. तुम्ही वजन भलत्या ठिकाणाहून काढलंत. थोडं बंदुकीला परत द्या, पिशवीतून काढा."

तिने दस्त्याच्या मागची पट्टी खोलली, आत दोन भोकं पाडली, त्यांत शिसं ओतलं आणि वर रबराची जाड गादी बसवली. हलकी म्हणून घेतलेल्या बंदुकीत माझ्या डोळ्यांदेखत चारशे ग्रॅम शिसं गेलं. आता ती साडेतीन किलोला एक ग्रॅम कमी नाही की जास्त नाही. पुढचे दहा दिवस नेसा रोज संध्याकाळी दुकान बंद करून पट्टीवर यायची, पाठ वळवून बंदूक भरायची किंवा रिकामी ठेवायची, आणि मला सांगायची नाही. नवव्या दिवशी पाच वेळा खट् वाजलं आणि पाचही वेळा बंदूक जागची हलली नाही. तिने या दहा संध्याकाळींचा मोबदला घेतला नाही. कामुच पडला तर काळीज द्या म्हणाली, तळून खाते. त्या पोरीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, आणि हे तिच्या तोंडावर बोलायला गेलो तर ती मला दुकानाबाहेर काढेल हेही मला ठाऊक आहे.

निघायच्या दिवशी मी पिशवी घरच्या काट्याला टांगली. तेरा किलो दोनशे. आकडा कागदावर लिहून खिशात टाकला. वर खोपटीत जनावर तोलायचा आकड्याचा काटा आहे, त्याला प्लात्सीसमोर पिशवी अडकवायची आणि त्याला दाखवायचं की मी, लुरेन, अजून स्वतःचं स्वतः उचलतो, असा माझा बेत होता. वाटेत मी त्याला नव्या बंदुकीचं इतकं कौतुक ऐकवलं की तो एकदा म्हणाला, "तिच्याशी लग्न लाव आणि गप्प चाल."

अर्ध्या वाटेवर छोटं देऊळ आहे, बाजूला पाण्याची धार. तिथं मी दर वर्षी बूट काढतो, मोज्यातले खडे झटकतो, गुडघ्यावर गार पाणी मारतो. प्लात्सी पिशव्यांपाशी बसतो. त्या वर्षीही तसंच झालं. तिथून वर मला चढ सोपा वाटला आणि त्याचं श्रेय मी बंदुकीला दिलं.

खोपटीत पोचलो की आमचा ठरलेला क्रम असतो. उजेड असेतो मी लांब दुर्बीण घेऊन बाहेरच्या बाकावर बसतो आणि कडे न्याहाळतो. प्लात्सी पिशव्या उघडतो, चूल पेटवतो, जवाचं सूप चढवतो. या वेळी तो आधी लाकडं फोडायला मागे गेला, आणि त्याला दाखवायच्या आधी एकदा आपणच बघावं म्हणून मी गुपचूप माझी पिशवी काट्याला टांगली.

नऊ किलो चारशे.

काटा गंजला असेल असं वाटलं. पिशवी काढून बंदूक लावली. साडेतीन किलो, चोख. परत पिशवी लावली. नऊ चारशे. मी खिशातला कागद काढला, चष्मा लावला, वजाबाकी केली. तीन किलो आठशे ग्रॅम वाटेत कुठेतरी गेले होते, आणि पिशवीला भोक नव्हतं.

मग मी प्लात्सीची पिशवी उघडली. सगळ्यात वर तुरितेयाच्या निळ्या चौकड्यांच्या फडक्यात बांधलेला आमचा पाव. त्याखाली माझं चीज, माझी पितळी किटली, माझं सुकं मांस. अगदी तळाशी माझ्या काडतुसांचा डबा. दर वर्षी देवळाजवळ तो पिशव्यांपाशी का बसतो, वर पोचल्यावर त्या तोच का उघडतो, स्वयंपाकाची हौस त्याला एकाएकी कुठून आली, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी मागे गेलो. तो कुऱ्हाड चालवत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"किटली तुझ्या पिशवीत आहे."

त्याने ओंडका फोडला, दोन्ही तुकडे नीट बाजूला ठेवले. मग म्हणाला, "तू बस सोडलीस त्या वर्षापासून. चढताना तुझा पाय वाकडा पडायला लागला होता."

म्हणजे सात वर्षं. सात वर्षं मी बाल्त्सर झालो होतो आणि खानावळीत छाती काढून बसत होतो. मला भयंकर राग आला. मी त्याला बरंच काही बोललो, त्यातलं निम्मं चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. त्याने मला न विचारता माझी लाज झाकली याचा राग होता, आणि ती झाकायची वेळ आली याचा त्याहून जास्त. मी सांगून टाकलं की उद्या सकाळी मी खाली जातो आणि बंदूक खुंटीला लावतो.

प्लात्सीने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि तिच्याशेजारी बसला. "जा," तो म्हणाला. "पण मग मलाही घेऊन जा. मी इथं एकटा काय करणार आहे? समोरच्या कड्यावर काय दिसतंय मला, सांगू? दगड. सगळेच दगड."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांचं मला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. आमच्याकडे दुभती मादी मारायची नाही. नजरचुकीने मारली, तर स्वतःच्या पायांनी खाली जाऊन वनरक्षकाला सांगायचं आणि जनावर जमा करायचं. पाच वर्षांपूर्वी प्लात्सीच्या हातून ते झालं होतं. मादी पडली, जवळ गेलो तर आचळ दुधाने भरलेलं, आणि वर खडकावर पिल्लू उभं. तो त्याच क्षणी तिला पाठीवर घेऊन निघाला आणि चार तास उतरून स्वतःविरुद्ध सांगून आला. त्यानंतर मी लांब दुर्बिणीतून बघून हो म्हटल्याशिवाय तो चापाला बोट लावत नाही. लोकांना वाटतं तो घाबरला. मलाही तसंच वाटायचं.

"तू बघतोस, मी उचलतो," तो म्हणाला. "यात भार कोण आणि कुणावर, ते तू त्या काट्यावर लावून सांग मला."

सूप पिताना मी मनात हिशेब केला. त्याची चूक झाली पाच वर्षांपूर्वी. माझी किटली तो उचलत होता सात वर्षं. पहिली दोन वर्षं त्याचे डोळे धड होते आणि त्याला माझ्याकडून काहीही नको होतं. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. वाडग्यात तोंड खुपसून बसलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि सुपाच्या वाफेचं निमित्त चांगलं होतं.

सकाळी मी खाली गेलो नाही. तो उठायच्या आत बाकावर जाऊन कडे बघत बसलो.

चौथ्या दिवशी, ऊन वरच्या गवताला लागायच्या सुमारास, घळीच्या पलीकडे मला एक कामुच दिसला. एकटा, मानेने जाड, शिंगांचे आकडे मुळाशी भक्कम. मी दहा मिनिटं नुसतं बघितलं. मागे पिल्लू नाही, खाली आचळ नाही. नर, म्हातारा. अंतर एकशे तीस पावलं. प्लात्सीच्या कानात सांगितलं आणि तू मार म्हणालो. त्याने मान हलवली. "तुझी बायको नवी आहे," तो माझ्या बंदुकीकडे बघत पुटपुटला, "तिला चालव."

मी पिशवी खडकावर ठेवली, तिच्यावर बंदूक टेकवली. एकच काडतूस, दुसरी संधी नाही. खांद्यावरची जांभळी जागा मला आठवली आणि पापणी थरथरली. मग नेसा पाठ करून उभी आहे असं मी डोळ्यांसमोर आणलं. आत काडतूस आहे की नाही मला माहीत नाही, असं स्वतःला सांगितलं. श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. धक्का बसला तेव्हा माझे डोळे उघडे होते. कामुच जागेवरच गुडघ्यांत वाकला आणि आडवा झाला. त्याने पाय झाडला नाही.

जवळ गेल्यावर आम्ही टोप्या काढल्या. प्लात्सीने देवदाराची डहाळी मोडून शेवटचा घास म्हणून त्याच्या तोंडात ठेवली, दुसरी माझ्या टोपीला लावायला पुढे केली. टोपीची डहाळी शिकाऱ्याची. जखमी जनावराचा माग काढायला कुत्रा लागला, तरच शिकारी ती मोडून अर्धी कुत्र्याच्या पट्ट्याला लावतो. मी डहाळी घेतली, मधोमध मोडली आणि अर्धी त्याच्या टोपीत खोचली.

"ही कुत्र्याची असते," प्लात्सी म्हणाला.

"मग भुंक."

तो भुंकला. साठी ओलांडलेला माणूस, टोपी हातात, डोंगरात उभा राहून भुंकला, आणि समोरच्या कड्यावरून त्याचं भुंकणं परत आलं. मी हसत होतो आणि गालांवरून पाणी वाहत होतं. या वेळी वाफेचं निमित्त नव्हतं, आणि मला ते नकोही होतं. "प्लात्सी," मी म्हणालो, "सात वर्षांचे आभार एकदम मानतो. परत मानणार नाही." तो म्हणाला बरं, आणि चाकूला धार लावायला लागला.

खाली येताना जनावर त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बंदुका माझ्या खांद्यावर होत्या. त्याची पाच किलोची, माझी साडेतीन. गावाजवळ आल्यावर तो म्हणाला, "आता कळलं तू हलकी का घेतलीस. दोन उचलायला." खानावळीत म्हातारा बाल्त्सर खिडकीत बसला होता. मी आत गेलो, त्याच्या टेबलापाशी बसलो आणि त्याच्यासाठी एक पेला मागवला. नेसाला काळीज पोचतं केलं.

परवा पुन्हा सप्टेंबर लागला. मी पिशवी भरायला घेतली, पण काटा खाली काढला नाही. जड वस्तू तळाशी, पाठीला लागून, असं भरायचं शास्त्र आहे, आणि ते मी इतरांना शिकवलेलं आहे. मी तळाशी मोजे आणि स्वेटर कोंबले. वर किटली, चीज, काडतुसांचा डबा, आणि सगळ्यात वर निळ्या फडक्यात नाशपातीचा गोड पाव, जो प्लात्सीला आवडतो.

"हे उलटं भरलंय," तुरितेया म्हणाली. "जड सगळं वर?"

"सोयीचं पडतं," मी म्हणालो.

देवळाजवळ पोचलो. मी धारेशी बसलो, पाठ वळवली आणि बूट काढला. यंदा खडा नव्हता. मागे माझ्या पिशवीचा बंद सुटल्याचा आवाज आला. मी दुसराही बूट काढला, आणि दोन्ही बराच वेळ झटकत बसलो.